बियाणाचं तवसं

"खाली उतर शालन! हात लावशील त्याला तर बघ!"

लतिकाताई चुलीपाशी उभ्या राहून ओरडत होत्या. मी स्टुलावर चढले होते आणि वाशाला टांगलेल्या तवशाच्या सुंभाला कोयती लावली होती. तवसं म्हणजे कोकणातली ती भलीमोठी काकडी, पिकली की पिवळीधमक होते. माझा नवरा विश्राम स्टूल धरायचं सोडून नुसता "अगो, अगो" करत होता. चार वर्षांचा रुपेश टाळ्या पिटत होता, कारण त्याला वाटत होतं घरात काहीतरी गंमत चाललीय. आणि सहा वर्षांची जागृती दाराच्या चौकटीला चिकटून उभी होती, ओठ असे घट्ट मिटून की पांढरे पडले होते.

"रुपू, तिला सांग, तोडू नको," जागृती म्हणाली.

"शालन, जागू सांगते तोडू नको," रुपेशने निरोप पोचवला.

जागू माझ्याशी बोलत नसे. लग्न होऊन अडीच महिने झाले होते, एक शब्द नाही. काही हवं असलं तर भावाला सांगायची आणि तो मला सांगायचा. मी समोर तीन हातांवर बसलेली असायची, तरीही. बाप मला शालन म्हणायचा म्हणून रुपेशही शालनच म्हणायचा, आणि मी कधी त्याला दुरुस्त केलं नाही. नाव आहे माझं, त्यात वाईट काय?

"तिला सांग," मी वरून म्हणाले, "की मी तोडणार आहे."

आता हा तमाशा कशावरून, ते सांगते. सांगितल्याशिवाय तुम्हीही मलाच शिव्या घालाल.

मी कराडची. आमच्या अण्णांची, म्हणजे वडिलांची, बेकरी होती, पाव, खारी, टोस्ट. दहाव्या वर्षापासून मी भट्टीपाशी वाढलेली. तोंड फटकळ, रंग भट्टीने रापलेला, त्यामुळे तिशी उलटली तरी लग्न जमलं नव्हतं. विश्राम चिपळूण-कराड गाडीवर ड्रायव्हर होता. कुंभार्ली घाट चढून यायचा आणि परत जाताना पोरांसाठी आमच्याकडची नानकटाई न्यायचा. मग दिवाळीनंतर त्याची बायको गेली. वासंती तिचं नाव. चिपळूणच्या दवाखान्यात आठवडाभर होती, परत आलीच नाही. दोन पोरं पदरात, घरात दुसरं बाईमाणूस नाही. माघात आमचं लग्न झालं. वर्ष तरी सरू द्यायचं होतं, असं लोक बोलले. बोलणारे कुणी पोरांना न्हाऊ घालायला येत नव्हते.

म्हणजे तसं एक माणूस येत होतं, ते खोटं कशाला बोलू. वासंतीची थोरली बहीण, लतिकाताई. रत्नागिरीला राहायच्या, नवरा सरकारी नोकरीत, मूलबाळ नाही. बहीण गेल्यापासून माझं लग्न होईपर्यंत त्याच इथे राहिल्या आणि पोरांचं सगळं केलं. लग्नाआधी त्यांनी विश्रामकडून एक कबूल करून घेतलं होतं. पोरं नव्या आईजवळ रुळली तर ठीक, नाहीतर जागूची पहिलीची परीक्षा झाली की दोघांना त्या रत्नागिरीला घेऊन जाणार, कायमची. विश्रामने मान डोलावली. आणि मला हे सांगितलं कधी? लग्नानंतर! माझ्याच लग्नाची अट, आणि मलाच पत्ता नाही. त्या दिवशी मी त्याला जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही.

तर त्या दिवशी परीक्षा संपलेली होती. लतिकाताई सकाळच्या एष्टीने आल्या होत्या आणि पाचच्या गाडीने पोरांना घेऊन निघणार होत्या. रुळली का पोरं, असं त्यांनी विचारलंसुद्धा नाही. आल्या आल्या त्यांनी पाहिलं की जागू पाणी मागायचं तर रुपेशकडून मागते. "झालं तर मग," म्हणाल्या आणि ट्रंक उघडून कपडे भरायला बसल्या. विश्रामची सुट्टी होती. तो अंगणात जाऊन उगाचच विळा परजत बसला.

आणि ते तवसं. परसातल्या वेलाचं, वासंतीने दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी सुंभात बांधून स्वयंपाकघराच्या वाशाला टांगलेलं. बाकीची संपली, हे एकच राहिलं. घरात त्याला कुणी हात लावायचा नाही. विश्राम म्हणायचा, तिच्या हातचं शेवटचं आहे. जागू तर पाट त्याच्याच खाली मांडायची, जेवताना चार घासांगणिक वर बघायची आणि जेवण झालं तरी उष्ट्या हाताने तिथेच बसून राहायची. मीही गप्प राहिले. मेलेल्या बाईशी काय भांडायचं? पण चार दिवसांपासून मला वास येत होता. भट्टीपाशी वाढलेल्या माणसाचं नाक असतं, पीठ फुगलंय की आंबलंय ते झाकण न काढता कळतं. तवसं आतून उतरायला लागलं होतं.

विश्रामला सांगितलं तर म्हणाला, "राहू दे गो. दिसतंय तर चांगलं."

"खालनं चांगलंच दिसणार. वरच्या अंगाला बघा."

बघितलं कुठे त्याने! आणि सकाळी ट्रंक भरता भरता लतिकाताई म्हणाल्या, "भावोजी, ते तवसं पण काढून द्या. मी नेणार. वासंतीची आठवण म्हणून शोकेसमध्ये ठेवीन."

"ताई, शोकेसमध्ये त्याचं पाणी होईल," मी म्हणाले.

"तुला कशाला त्याची काळजी? पाव भाजणारीला काय कळतं आमच्याकडच्या गोष्टीतलं?"

"रुपू, मावशीला सांग," जागू मध्येच म्हणाली, "ते इथेच राहायला पाहिजे. इथेच."

मला नवल वाटलं. मावशीशी ती एरवी नीट बोलायची. मी विचारलं, "का गं, इथेच का?" तर माझ्याकडे पाठ केली.

मग दुपारी पोरांना जेवायला वाढलं. रुपेश जागूचा पाट बळकावून बसला होता. त्याच्या गालावर टपकन थेंब पडला. त्याने वर बघितलं, गालाला बोट लावून चाटलं आणि तोंड वाकडं केलं.

बस्स. मी पान तसंच ठेवून उठले आणि स्टूल ओढलं.

तर मी सुंभ कापलं. तवसं पदरात घेतलं, चांगलं जड होतं, आणि उतरले. पाय जमिनीला टेकतो न टेकतो तोच जागू माझ्या अंगावर झेपावली. दोन्ही मुठींनी मला पोटात, मांडीवर, जिथे हात पोचेल तिथे बुकलायला लागली.

"दे! वर बांध! परत बांध ते! तुझं नाहीये!"

अडीच महिन्यांतले ते तिचे माझ्याशी पहिले शब्द. खरं सांगू? मार खातानाही मला बरं वाटलं.

"बघितलंत भावोजी?" लतिकाताई म्हणाल्या. "ही रुळवणार पोरांना! चल जागू, चल बाळा, आपण जाऊ."

मी खाली बसले. तवसं मांडीवर उलटं केलं आणि जागूचा हात धरून वरच्या बाजूला नेला. "मार नंतर. आधी इथे अंगठा लाव."

तिने लावला. अंगठा पेरभर आत गेला. आतून पाणी आलं आणि तो आंबूस वास सगळ्यांच्या नाकात गेला. जागूने हात काढून घेतला आणि अंगठ्याकडे बघत राहिली. रडली नाही. अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मग आता आई आल्यावर काय फोडणार?"

मला आधी कळलंच नाही. "कोण आल्यावर?"

"आई. ती चिपळूणला जाताना म्हणाली, हे बियाणाचं तवसं आहे, मी आले की फोडू आणि त्याचं गोड धोंडस करू. तोपर्यंत कुणाला हात लावू देऊ नकोस."

मी विश्रामकडे बघितलं, त्याने जमिनीकडे बघितलं. लतिकाताईंकडे बघितलं तर त्यांनी पदराचा बोळा तोंडाशी धरला होता.

"हिला सांगितलं नाही तुम्ही?"

"कसं सांगायचं गो लेकराला?" लतिकाताई म्हणाल्या. "त्या दिवशी दोघांना खालच्या वाडीत ठेवलं होतं. परत आल्यावर विचारायला लागली. मी म्हटलं, आई दवाखान्यात आहे, बरी झाली की येईल. हळूहळू विसरेल म्हटलं."

"विसरेल?"

"शाळेत राजू म्हणाला आई मेली," जागू म्हणाली. "मी त्याला पाटी मारली."

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. म्हणजे अडीच महिने ह्या पोरीच्या लेखी मी कोण होते? आई दवाखान्यात असताना तिच्या घरात घुसलेली, तिच्या चुलीशी बसणारी, तिच्या डब्यांना हात लावणारी कुणीतरी परकी बाई! आणि ते तवसं ती राखत बसली होती माझ्यापासून. मी तिच्या जागी असते तर मीही बोलले नसते. मी तर चावले असते.

"शालन," लतिकाताई म्हणाल्या, "एक अक्षर बोलायचं नाही तू. तुझा काही संबंध नाही."

"आज नको," विश्राम म्हणाला. "आज जायची वेळ, आज नको गो."

"मग कधी? ती रत्नागिरीला जाऊन खिडकीत बसेल तेव्हा?"

"अगो, लहान आहे ती!"

"लहान आहे म्हणून तुम्ही दोघांनी तिच्याकडून राखण करून घेतली काय? मी नाही गप्प बसायची. हाकलून द्यायचं तर मला द्या हाकलून कराडला, मला पोरं मिळोत न मिळोत. पण ह्या घरात मी असेपर्यंत पोरीशी खोटं बोलणार नाही."

तशीच मी जागूसमोर सरकून बसले.

"जागू, तुझी आई वारली. दवाखान्यातच. ती आता यायची नाही. तिला यायचं नव्हतं असं नाही हां. यायचंच होतं, म्हणून तर तिने तवसं टांगलं. पण तिचं दुखणं जास्त झालं. राजू खरं बोलला होता. तुला मारायचं तर मला मार."

ती मला मारेल म्हणून मी बसून राहिले. तिने नाही मारलं. विश्रामकडे बघून म्हणाली, "बाबा?"

तो एवढा मोठा माणूस, घाटात दरड कोसळली तरी गाडी वळवून आणणारा, तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. मान हलवून हो म्हणाला. मग तिचा बांध फुटला. असं रडणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. ती रडते म्हणून रुपेश रडायला लागला, आणि लतिकाताई पडवीत जाऊन ट्रंकेवर बसून रडायला लागल्या. मी जागूला जवळ घेतलं नाही. घ्यावंसं फार वाटलं, पण म्हटलं, तिची ती येऊ दे. ती बापाच्या मांडीवर जाऊन पडली. मी तवसं मांडीवर घेऊन तशीच बसले, पदर सगळा ओला झाला.

बऱ्याच वेळाने ती नाक पुसत उठली. माझ्याजवळ आली आणि तवशाकडे बघत म्हणाली, "अर्धं चांगलं आहे."

"अर्ध्याहून जास्त चांगलं आहे."

"बी काढून राखेत घालायचं असतं. मग भिंतीला थापायचं. आई थापायची."

"आणि धोंडस?"

"रुपू, हिला धोंडस येतं का विचार."

"शालन, तुला धोंडस..."

"मला नाही येत," मी म्हणाले. "आमच्याकडे नसतं. मला कुणीतरी सांगायला पाहिजे."

तिने रुपेशकडे बघितलं. त्याच्या नाकातून मोठा फुगा येत होता आणि तो हुंदके देत होता, त्याच्याकडून काही निरोप पोचण्यासारखा नव्हता. मग तिने सरळ माझ्याकडे बघितलं. "तांदळाचा रवा लागतो. आणि गूळ. आणि खोबरं."

झालं. आम्ही कामाला लागलो. सडका भाग कापून टाकला, चांगल्या भागाची फोड रुपेशला चाखायला दिली, कडू आहे का बघायला. तो फोड संपवून दुसरी मागायला लागला तेव्हा समजलं कडू नाही. मधला गर काढून बिया राखेत घोळल्या. हे काम रुपेशचं. मूठभर राखेचा गोळा घ्यायचा आणि मागच्या दाराजवळच्या मातीच्या भिंतीवर थाडकन थापायचा. त्याच्या तळहाताएवढ्याच थाप्या उठल्या तिथे, पाची बोटांसकट. जागूने तवसं किसायला घेतलं, किसणीला बोटं लागतील म्हणून मी हात पुढे केला तर म्हणाली, "मला येतं." आलं की! किसता किसता मध्येच डोळे भरायचे, बाहीला पुसायची, परत किसायची.

मी रवा तुपावर भाजला. कीस, त्याचं सुटलेलं पाणी आणि गूळ उकळायला ठेवला. तेवढ्यात मागून विळी ओढल्याचा आवाज आला. बघते तर लतिकाताई पाटावर बसल्या होत्या, डोळे सुजलेले.

"खोबरं तू जाड खवतेस," त्या म्हणाल्या. "सर तिकडे."

मी सरले. त्या खवायला लागल्या. "मी निघणार आहे हां पाचला," खाली बघूनच म्हणाल्या. "पोरांना घेऊन. उगाच काही मनात धरू नकोस."

"धरत नाही. खोबरं बारीक खवा."

टोपात केळीचं पान घातलं, रवा-खोबरं घालून शिजवलेला गोळा त्यात थापला, झाकण ठेवलं. आणि मी चुलीत दोन लाकडं सरकवली. जागू एकदम ओरडली, "खाली नको! खालचा ओढून घ्यायचा! विस्तव वर ठेवायचा, झाकणावर!"

माझे हात तिथेच थांबले. आमच्या भट्टीत तेच तर करतात. लाकडं आत पेटवायची, भट्टी तापली की विस्तव बाहेर ओढायचा आणि मग पाव लावायचे. पाव भाजतो तो ओढून घेतलेल्या विस्तवाच्या मागे राहिलेल्या उबेवर. "अगं, आमच्याकडेपण असंच!" मी म्हणाले. "माझे अण्णा लांब दांडा घेऊन सगळा विस्तव बाहेर काढतात, मग बघ."

"दांडा केवढा लांब?"

"ह्या दारापासून त्या भिंतीपर्यंत."

"खोटं."

"तुझ्याशी मी खोटं बोलते का?"

तिने माझ्याकडे नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत, जसं त्या दिवसापर्यंत बघितलंच नव्हतं. मग हळूच म्हणाली, "नाही."

रुपेशने परसातून नारळाच्या करवंट्या गोळा करून आणल्या. मी त्यांचे निखारे केले, चिमट्याने झाकणावर ठेवले. कुठे ठेवायचे ते जागू बोटाने दाखवत होती. मधे कमी, कडेला जास्त. खाली नुसती ऊब. मग आम्ही तिघं चुलीसमोर बसलो. कधी उघडायचं, जागूला ठाऊक नव्हतं. आई सांगायची म्हणे. "ते मला कळेल," मी म्हणाले. "वासावरून."

वास यायला लागला होता, पण अजून ओला होता. तेवढ्यात वळणावर गाडीचा हॉर्न वाजला. पाचची एष्टी आली. ड्रायव्हर विश्रामच्या ओळखीचा, तो आमच्या अंगणाच्या दगडी गडग्यासमोर गाडी उभी करून हॉर्न देत राहिला. लतिकाताई उठल्या. पदर नीट केला. विश्रामने ट्रंक उचलली.

"चला जागू, रुपू. चपला घाला."

मी उठले आणि दारात उभी राहिले. "ट्रंक ठेवा खाली."

"शालन, कबूल केलंय मी," विश्राम म्हणाला.

"मी नाही केलं. मला कुणी विचारलं होतं? आणि ह्या पोरांना कुणी विचारलं?"

"मावशी," जागू चुलीपासून न उठता म्हणाली, "तुझ्याकडे परस आहे?"

"परस नाही गो. गॅलरी आहे, मोठी आहे."

"मांडव आहे?"

"कुंडीत लावू ना आपण. तुला पाहिजेत तेवढ्या कुंड्या आणू."

"तवसं कुंडीत होत नाही," जागू म्हणाली. "त्याला मांडव लागतो. आणि ते बी भिंतीवर आहे, सुकलेलं नाही अजून. पावसाळ्यात लावायचंय. आईचं बी आहे ते." मग गुडघ्यांभोवती हात घट्ट बांधून म्हणाली, "मी नाही येत."

"मी पण नाही," रुपेश म्हणाला. "मला धोंडस खायचंय."

लतिकाताईंचा चेहरा मी विसरणार नाही. हरल्याचा नव्हता तो. बहीण गेल्याचं त्यांनाही त्याच दिवशी खरं झालं असावं. सहा महिने त्यांनी पोरीला जे सांगितलं, ते स्वतःलाही सांगितलं असेल, कोण जाणे. बाहेर हॉर्न वाजत होता. विश्राम ट्रंक हातात घेऊन मधे उभा, एकदा मेहुणीकडे बघतोय, एकदा माझ्याकडे. मी म्हटलं, आता हा माणूस काय करतो ते मला बघायचंय. नाही काही केलं तर मीही ह्याच्या घरात राहायची नाही.

त्याने ट्रंक खाली ठेवली. अंगणात गेला आणि गडग्यावरून ओरडला, "जा रे तू! कुणी येत नाही!"

लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मला तो नवरा म्हणून आवडला.

गाडी गेली. लतिकाताई उंबऱ्यावर बसल्या. मी चुलीकडे धावले, कारण वास बदलला होता, खरपूस झाला होता. झाकणावरचे निखारे उतरवले. उघडलं तर वर तांबूस रंग आणि कडेने सुटलेलं. उलटं केलं तर खाली एकसारखी तपकिरी खरवड, कुठे काळा डाग नाही. जागूने पहिला तुकडा देवापुढे नाही ठेवला. मागच्या दारी नेऊन राखेच्या थाप्यांखाली ठेवला. मग दुसरा तुकडा तिने मावशीला नेऊन दिला.

लतिकाताईंनी घास घेतला. बराच वेळ चावला. "वासंतीचं खालनं करपायचं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा रडायला लागल्या. त्या चार दिवस राहिल्या आणि मग एकट्या गेल्या. पुढे दर मे महिन्यात यायच्या. माझ्याशी भांडायच्या, खोबरं खवायच्या. शेवटच्या आजारपणात त्यांचं मी केलं, तेव्हाही भांडलो आम्ही.

ते बी पावसाळ्यात लावलं, वेल मांडवभर गेला. दरवर्षी एक तवसं बियाणाचं म्हणून ठेवतो, दरवर्षी मऊ लागायच्या आत फोडतो. जागू मला कधी आई म्हणाली नाही. मीही कधी म्हण म्हटलं नाही. तिला आई होती. मी शालन.

जागूला आता स्वतःची मुलगी आहे, सहा वर्षांची. गेल्या आठवड्यात दोघी आल्या, मला दवाखान्यात न्यायला. माझ्या पोटात गाठ निघालीय, कापायची आहे. डॉक्टर काय व्हायचं ते नीट सांगत नाहीत, पण मला त्यांच्या तोंडावरून कळतं. निघायच्या आदल्या दिवशी बघते तर जागूने यंदाचं तवसं सुंभात बांधून वाशाला टांगलंय.

"तू आलीस की फोडू," ती म्हणाली.

माझं टाळकंच सरकलं. "जागे, पोरीसमोर असलं काही बोलायचं नाही! मऊ लागलं की फोडायचं. माझी वाट बघायची नाही."

"बघणार."

"सडेल."

"मग लवकर ये." तिने लेकीला जवळ ओढलं. "आणि हिला मी सगळं खरं सांगितलंय. गाठ आहे, कापणार आहेत, शालनआजी येईल किंवा नाही येणार. विचार तिला. सगळं ठाऊक असूनच आम्ही वाट बघणार आहोत. गप गो तू आता."

पोरगी माझ्याकडे बघून म्हणाली, "हो आजी. मला ठाऊक आहे. तरीपण."

आज सकाळी पिशवी भरून झाली, रिक्षा अंगणात आली. मी स्टूल ओढलं आणि चढले.

"खाली उतर शालन! हात लावशील त्याला तर बघ!" जागू पडवीतून धावत आली आणि तिने स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

मी वरच्या अंगाला अंगठा दाबून बघितला. टणक होतं. दुसऱ्या बाजूनेही दाबलं. टणक.

"टिकेल," मी म्हणाले, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून खाली उतरले.